घरातला पहिला अर्ज

हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं आहे त्यांच्या घरात विद्यापीठाचा अर्ज भरलेलं माणूस नाही. आईवडील शाळेत गेले असतील किंवा नसतील. थोरल्या भावाने आयटीआय केलं असेल, चुलत बहीण डी.एड. झाली असेल. पण दुसऱ्या राज्यातल्या किंवा दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात अर्ज कधी करायचा, शिफारसपत्रं कुणाकडे मागायची, पैसे कोण देतं, या गोष्टी जेवताना बोलता बोलता कानावर पडाव्यात असं ते घर नाही. शहरातल्या काही घरांत हे मुलांना कुणी मुद्दाम शिकवत नाही, तरी त्यांना ते येतं. आत्या न्यू जर्सीत असते, वरच्या मजल्यावरचा दादा म्युनिकला गेलेला असतो आणि गणपतीत भेटला की दोन वाक्यांत सगळं सांगून जातो. त्या मुलांची हुशारी मला कमी लेखायची नाही. पण त्या दोन वाक्यांची किंमत गुणपत्रिकेत दिसत नाही. ज्याला ती मिळाली नाहीत तो मात्र स्वतःलाच कमी समजत राहतो.

तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना मी हे पुष्कळदा पाहिलं. जुलैत मुलगा गुणपत्रिका घेऊन येतो, पेढे ठेवतो आणि विचारतो, "सर, आता बाहेर कुठं अर्ज करू?" तोवर त्या वर्षीची बहुतेक दारं बंद झालेली असतात. यात त्याचा आळस नसतो. दहावीपासून आपल्या अंगवळणी पडलेलं वेळापत्रकच तसं आहे: आधी निकाल, मग फॉर्म, मग यादी, मग कॅप राउंड. परदेशात हा क्रम उलटा आहे. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाची तयारी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू होते. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात आणि दिवाळीची साफसफाई निघेपर्यंत संपतात. अमेरिकेतल्या पीएच.डी.च्या बऱ्याचशा मुदती डिसेंबरात असतात, ऑक्सफर्डच्या अनेक अभ्यासक्रमांच्या डिसेंबर-जानेवारीत. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी सेमिस्टरच्या परीक्षा देता देता अर्ज पाठवतो आणि निकालाआधीच त्याला सशर्त प्रवेशाचं पत्र येतं. निकाल लागला की अट पूर्ण होते, एवढंच.

'गॅप'च्या भीतीचंही तसंच. आपल्याकडे शिक्षणात वर्षाचा खंड पडला की स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागतं आणि मुलगा चोरी केल्यासारखा ते सादर करतो. चेवनिंगला मात्र पदवीनंतरचा किमान दोन वर्षांचा, त्यांच्या हिशेबात २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतोच. ग्रामपंचायतीच्या प्रकल्पात, संस्थेत, दैनिकाच्या जिल्हा कचेरीत काढलेली वर्षं तिथे जमेच्या बाजूला धरतात. हे वेळेवर कळलं असतं तर कितीतरी मुलामुलींनी ती वर्षं खाली मान घालून काढली नसती.

कागदपत्रांवर या पुस्तकात दोन प्रकरणं आहेत. ती रुक्ष वाटली तरी सोडू नका, कारण पहिल्या पिढीचे अर्ज निबंधापेक्षा कागदांवर जास्त अडतात. साधं नावाचं बघा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीचं सगळं दुसऱ्या रकान्यात. आधारवर आणखी तिसराच क्रम, आणि स्पेलिंग सेतू केंद्रातल्या ऑपरेटरच्या मर्जीचं. परदेशी विद्यापीठाचा संगणक पहिला शब्द नाव म्हणून उचलतो आणि मुलीला "प्रिय वाघमारे" असं पत्र येतं. पत्राचं हसू येतं, पण इंग्रजीच्या परीक्षेच्या नोंदणीतलं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, तेव्हा हसू येत नाही. पदवीनंतर लग्न झालेल्या मुलींची गाठ याहून घट्ट. लेखिकेचा सल्ला मला पटतो: आधी पासपोर्ट काढा आणि पुढचं प्रत्येक खातं, प्रत्येक नोंदणी त्याच्याबरहुकूम करा.

सरकारी शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याचा आणि त्यावर जिल्हा समितीचं जात वैधता प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदात एक क्रूर विनोद दडला आहे. अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. सगळ्यात पक्का पुरावा कोणता, तर आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा. ज्याच्या घरात शिकणारा तोच पहिला, त्याने आजोबांच्या शाळेचा कागद आणायचा! आजोबा शाळेत गेले असते तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. मग कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुने महसुली उतारे, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाला मिळालेली वैधता, असा शोध सुरू होतो. तो महिनोनमहिने चालू शकतो, म्हणून प्रवेशाचं ठरायच्या आधीच त्याला लागावं.

पण या पुस्तकाचं काळीज मधल्या प्रकरणांत आहे, जिथे उद्देशपत्राची, म्हणजे मुलं ज्याला एसओपी म्हणतात त्याची, चर्चा आहे. माझं जे काही म्हणणं आहे तेही याच ठिकाणी आहे.

शाळेत आपण सगळे विनंती अर्ज लिहायला शिकलो. महोदय, मी आपल्या शाळेत शिकत असून माझ्या घरची परिस्थिती हलाखीची आहे, तरी कृपया फी माफ करावी ही नम्र विनंती. वाचणारा वर बसलेला आहे, देणं त्याच्या दयेवर आहे आणि आपली लायकी आपल्या हालांवरून ठरणार आहे, असं तो साचा आपल्या मनावर ठसवतो. पहिल्यांदा अर्ज करणारा विद्यार्थी हाच साचा इंग्रजीत उतरवतो. दोन पानांपैकी दीड पान गरिबी: कोरडवाहू शेती, वडिलांचं आजारपण, आईची मोलमजुरी, कंदिलाचा उजेड. उरलेल्या अर्ध्यात 'समाजाची सेवा करण्याची इच्छा'. वाचणाऱ्याला वाईट वाटतं. पण मुलाला काय शिकायचं आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तो पुढचा अर्ज उचलतो.

दारिद्र्य लपवा असं मी म्हणत नाही. त्यातून तुम्हाला जे दिसलं आणि दुसऱ्यांना दिसलं नाही, ते लिहा. समजा, अर्जदार बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांचा मुलगा आहे. दिवाळीच्या सुमारास गाव रिकामं होतं, आईवडील कारखान्याच्या पट्ट्यात जातात, पोरं आजीजवळ राहतात, हे सगळं तो लिहितोच. पण त्या घरात वाढलेल्या पोराला एक गोष्ट अशी माहीत असते जी विद्यापीठातल्या प्राध्यापकाला पुस्तकांतून शोधावी लागते. तिथे नवरा-बायको दोघं मिळून एक 'कोयता' धरतात. हिशेब कोयत्याचा होतो, माणसाचा नाही. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती हंगामभर तोडून फेडायची; फिटली नाही तर पुढच्या हंगामावर. मग बाईच्या श्रमाचा पगार कुणाच्या नावावर जातो? उचल हे कर्ज की आगाऊ मजुरी? कारखाना, मुकादम आणि मजूर यांच्यातल्या करारात मालक कायद्याने कोण ठरतो? हे तीन प्रश्न लिहिणारा मुलगा दया मागत नाही. श्रमाचं अर्थशास्त्र किंवा कामगार कायदा आपल्याला का शिकायचा आहे, हे तो सांगतो, आणि त्याच्या शेजारी तोच विषय मागणाऱ्या कुणालाही ते इतक्या नेमकेपणाने सांगता येणार नाही.

आपल्याकडे याचे जुने दाखले आहेत. आनंदीबाई जोशी १८८३च्या जूनमध्ये अमेरिकेत उतरल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. वय अठरा. ते पत्र आज कुणी एसओपीचा नमुना म्हणून वाचलं तर थक्क होईल. आपलं शिक्षण कुठवर झालं आहे आणि भाषा कोणत्या येतात, हे त्यांनी सरळ मांडलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करत नसू, हेही लपवलं नाही. तिथे थोडी सहानुभूतीची अपेक्षा आहे, नाही असं नाही. पण पत्राचा भार पडतो तो उद्देशावर. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचं आहे. आणि मित्रांचा, जातीचा विरोध मोडून इथवर आणणारा निश्चय हीच माझी पात्रता समजा. महाविद्यालयाने त्यांना घेतलं, वर तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची मदत दिली, आणि १८८६च्या मार्चमध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या.

दुसरा दाखला १९१३चा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना काय शिकणार आणि शिकून काय करणार असं विचारल्याचं चरित्रकार सांगतात. जगातल्या प्रत्येक शिष्यवृत्तीचा अर्ज आजही हेच दोन प्रश्न विचारतो, फक्त शब्दमर्यादा घालून. शिष्यवृत्ती मिळाली ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, कोलंबिया विद्यापीठात शिकायला. आणि तिच्यासोबत एक करार झाला, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा. त्या कराराचं पुढे काय झालं, बडोद्यात त्यांना राहायला जागा कशी मिळाली नाही, हे आपल्याला माहीत आहे आणि त्याची लाज त्यांच्याकडे जात नाही. इथे मला एवढंच दाखवायचं आहे की शिष्यवृत्ती हा व्यवहार आहे आणि त्याला दोन बाजू असतात. देणाऱ्यालाही काही हवं असतं. चेवनिंगलाही परतीची अट आहे: शिकून झालं की किमान दोन वर्षांसाठी मायदेशी. टाटांचा १८९२ सालचा जे. एन. टाटा एन्डोमेंट फंड तर कर्जाऊ शिष्यवृत्तीच देतो. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. समोरच्याला काय हवं आहे हे समजून घेऊन आपलं काय ते मांडणं म्हणजे लाचारी नव्हे.

शिफारसपत्रांबद्दल मी माझ्याच व्यवसायाची थोडी निंदा करणार आहे. विद्यार्थी पत्र मागायला आला की आपल्याकडच्या प्राध्यापकाचं ठरलेलं उत्तर असतं, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्याला वाटतं आपण उपकार केला. मुलगा इंटरनेटवरून एक नमुना उतरवतो, त्यात तो कष्टाळू, प्रामाणिक आणि शिस्तप्रिय असतो. महाराष्ट्रातून निघणाऱ्या अशा पत्रांत प्रत्येक विद्यार्थी कष्टाळू, प्रामाणिक आणि शिस्तप्रिय असतो. निवड समितीला त्यातून काहीही कळत नाही. उलट उद्देशपत्र आणि शिफारसपत्र एकाच हाताचं आहे हे लक्षात आलं की संशय येतो. चांगल्या पत्राला एखादा प्रसंग पुरतो: सेमिनारमध्ये या मुलीने पीकविम्याच्या आकडेवारीवर कोणता प्रश्न विचारला, आणि मला त्याचं उत्तर का देता आलं नाही. त्यासाठी प्राध्यापकाला विद्यार्थी आठवावा लागतो, आणि एकशेवीस मुलांच्या वर्गात तो आठवायचा तर त्या मुलानेही आधीपासून भेटत राहायला हवं. आणखी एक किरकोळ अडचण, जी किरकोळ नाही: विद्यापीठं शिफारस करणाऱ्याचा संस्थेचा ईमेल मागतात. आमच्या कित्येक कॉलेजांत तो प्राध्यापकांना दिलेलाच नाही, किंवा दिला आहे आणि पासवर्ड क्लार्ककडे आहे.

पैशाचं प्रकरण वाचताना एक भेद मनात पक्का ठेवा. काही शिष्यवृत्त्या आधी मिळतात आणि मग विद्यापीठ शोधायचं, काहींना आधी प्रवेशपत्र लागतं, आणि काही अभ्यासक्रमांत, उदाहरणार्थ युरोपातल्या एरास्मस मुंडसमध्ये, प्रवेश आणि शिष्यवृत्ती एकाच अर्जात. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची आहे. जागा अलीकडे १२५, त्यातल्या बहुतेक अनुसूचित जातींसाठी. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. या योजनांनी ज्या घरांतून माणसं लंडन-मेलबर्नला पोहोचवली, त्या घरांना दुसरा कोणताही रस्ता नव्हता, हे मान्य करून दोन तक्रारी नोंदवतो. विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट विद्यार्थ्याला विषय सोडून क्रमांकाच्या मागे लावते; ऊस, पाणी किंवा आदिवासी भाषांवर उत्तम काम करणारा विभाग यादीत खाली असलेल्या विद्यापीठात असू शकतो. दुसरी तक्रार मोठी आहे. २०२२च्या नियमावलीत केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय परदेश शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे वर सांगितलेल्या कोयत्याच्या मुलाने आपल्या आईच्या मजुरीवर प्रबंध लिहायचं ठरवलं, तर ही योजना त्याच्या कामाची नाही. तसल्या विषयांना देशातच विद्यापीठं आणि साधनं आहेत, असं यामागचं सरकारी कारण. ज्यांच्यावर इतरांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रबंध लिहिले, त्यांनी स्वतःवर लिहायची वेळ आली तेव्हाच हे सुचावं, याचं मला नवल वाटतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी आता मोठमोठे फलक लावून बसलेल्या सल्लागार कंपन्यांबद्दल लेखिकेने संयमाने लिहिलं आहे. मी तेवढा संयम ठेवणार नाही. त्यातले बरेच 'मोफत मार्गदर्शन' देतात, कारण विद्यार्थ्यामागे त्यांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. जिथे कमिशन नाही ते विद्यापीठ त्यांच्या यादीत नसतं, आणि शिष्यवृत्तीवर जाणारा मुलगा त्यांना फारसा परवडत नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क जवळजवळ नाही, पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची सुमारे बारा हजार युरोंची रक्कम खात्यात अडकवून दाखवावी लागते, हे वाक्य अशा कार्यालयात पूर्ण ऐकायला मिळणं कठीण. एक तर पहिलं अर्धं सांगतात, नाहीतर दुसरं.

परदेशच हवा असा या पुस्तकाचा हट्ट नाही, हे बरं झालं. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा, आयआयटीतली अनुसूचित जाती-जमातींना असलेली शिकवणी शुल्कमाफी, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत राज्याने दिलेली शुल्कमाफी, राज्याच्या शिष्यवृत्त्यांसाठीच्या महाडीबीटी पोर्टलची रीत, हे सगळं पुस्तकात आहे. पोर्टलबद्दल एवढंच सांगतो: बँक खातं आधारशी जोडलेलं आहे याची खात्री मुदतीच्या आदल्या रात्री करू नका.

नकाराविषयीही दोन शब्द. नकार येतील, आणि पहिल्या पिढीच्या मुलाला तो एका अर्जाला आलेला नकार न वाटता घराला आलेला वाटतो, कारण सगळ्या गावाला माहीत झालेलं असतं. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी १८७८ साली कोल्हापूरहून वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डरने मदत नाकारली, धर्मांतराचा उपदेश केला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. आजच्या भाषेत सांगायचं तर अर्ज फेटाळला आणि वर चारचौघांत मांडला. ते मासिक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र पाठवलं. पुढे आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या याच बाईंच्या घरी. असे योग प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर राहा असं सांगायला मी ही गोष्ट सांगितलेली नाही. पण गोपाळरावांचं पत्र वाचून बघा: नाकारलेल्या पत्रातसुद्धा काय हवं आहे ते इतकं स्पष्ट होतं की तिसऱ्याच माणसाला ते कळलं.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. आधी वेळापत्रकाचं प्रकरण काढा आणि तुमच्या पदवीच्या वर्षाशी ताडून पाहा. मग कपाटातून दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट असेल तर तो काढून तिन्हींवरची नावं शेजारी शेजारी ठेवून वाचा. उद्देशपत्राची प्रकरणं दोनदा वाचा, आणि पहिला मसुदा मराठीतच लिहा. जे मराठीत स्पष्ट झालं नाही ते इंग्रजीत होणार नाही. शिफारसपत्राच्या प्रकरणाची मात्र झेरॉक्स काढा आणि पत्र मागायला जाल तेव्हा सरांच्या किंवा मॅडमच्या टेबलावर, गाइडसारखी दिसणार नाही अशा बेताने, ठेवून या.